गोपिकेचा आपटा

जंगलात बोलू नये, हा माझा पहिला नियम. पहिला नियम विसरू नये, हा दुसरा. नागपूरच्या माणसाला गप्प बसवणं किती कठीण आहे ते मला ठाऊक आहे, कारण मीही इथलाच आहे. पण माझी सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. लाल म्हणजे लाल. तिथं "जरासं जाऊ द्या नं साहेब" चालत नाही, आणि निवृत्तीनंतर आमच्या निसर्ग केंद्रात स्वयंसेवकांची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा तिथंही मी ते चालू दिलं नाही.

आमचं केंद्र हिंगण्याच्या रस्त्यावरून आत वळलं की लागतं. सागाचं आणि पळसाचं रान, मधे एक तळं, तळ्याभोवती पायवाट. सकाळी फिरायला येणारी मंडळी असतात, शाळांच्या सहली असतात आणि दर रविवारी माहितीची फेरी असते. ती फेरी मी काढतो. हळू चालायचं, कुजबुजत बोलायचं आणि पक्ष्याला आपण आलोय हे कळू द्यायचं नाही.

गोपिका आली ती अशाच एका रविवारी, दिवाळीच्या आधी. वाळलेल्या पानांत एक रातवा बसला होता. हा पक्षी दिवसा जमिनीवर असा निपचित बसतो की पायाखाली आला तरी दिसत नाही. मी पंधरावीस माणसांना श्वास रोखायला लावून बोटानं दाखवत होतो. सगळ्यांना दिसला, निदान सगळ्यांनी तशी मान तरी हलवली. मागून खणखणीत आवाज आला, "कुठी हाय? मले तं दगड दिसून राहिला."

दगड उडाला.

फेरी संपल्यावर ही मुलगी माझ्याकडे आली. माफी मागेल असं वाटलं. तिनं विचारलं, स्वयंसेवक व्हायला काय करावं लागतं? मी म्हटलं, तोंड बंद ठेवावं लागतं. ती म्हणाली, ते सोडून सांगा.

तिची माहिती तिनंच पुरवली, मी विचारली नव्हती. गाव भिवापूर. वडील बाबाराव मिरचीच्या धंद्यात. ती नागपुरात मावशीकडे राहून बी.एस्सी. झाली आणि आता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. अभ्यासिकेतून तिला बोलण्यापायी काढलं होतं. त्याआधी एका मोबाइलच्या दुकानात लागली होती, तिथं गिऱ्हाईक तिचं बोलणं ऐकत बसायचं आणि मोबाइल न घेताच खूश होऊन घरी जायचं, म्हणून तिथूनही नारळ मिळाला. "काकाजी," ती म्हणाली, "मले बोलता येते, एवढंच येते. कुठीतरी त्याचा उपयोग असनच नं?"

जंगलात तो उपयोग शोधायची तिची तऱ्हा मला काही पटली नाही. पण स्वयंसेवक मिळतात कुठं? मी तिला ठेवून घेतलं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. ती मीच घातली आहे, त्यामुळे तिच्यावर टीका ऐकून घेत नाही. नव्या स्वयंसेवकाला एक झाड द्यायचं. वर्षभर त्यानं ते राखायचं, दर रविवारी त्याची खबर मला द्यायची: पालवी कधी, फूल कधी, कोण येऊन बसलं, कोणी कुरतडलं. वर्षभरात माणसाच्या हातानं त्याचं एक पानही तुटता कामा नये. तुटलं तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून. वर्ष पुरं झालं की त्या स्वयंसेवकानं रविवारची फेरी एकट्यानं काढायची, आणि मी त्या दिवशी घरी बसायचं. गोपिकेआधी हे फक्त एका मुलाला जमलं होतं.

तिला मी आपटा दिला. तळ्याच्या काठचा, काळपट खोडाचा, कमरेतून वाकलेला. कोणालाच तो नको असायचा. तिनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "काकाजी, हे तं वाकडं हाय."

मी म्हटलं, झाड बदलून मिळत नाही.

पुढच्या रविवारपासून त्या वाकड्या झाडाच्या खबरा सुरू झाल्या. मुंग्या कोणत्या फांदीवरून चढल्या, कोणत्या फांदीवरून उतरल्या. सकाळी पानं उघडतात आणि संध्याकाळी पुस्तकासारखी मिटतात. शेंगा वळून वळून कशा काळ्या पडल्या. इतर मुलं दोन वाक्यांत खबर देऊन पळायची. हिची खबर ऐकता ऐकता माझा चहा थंड व्हायचा. उन्हाळ्यात त्याला बारीक, पिवळट फुलं आली तेव्हा तिनं मला फोन करून सांगितलं. फुलं मला दिसत होती, मी त्याच झाडाखाली उभा होतो.

शाळेची पोरं मात्र तिच्यावर खूश. माझ्या माहितीच्या तासाला पोरं जांभया देतात, हे मला मान्य आहे. जांभई दिल्यानं कोणाचं नुकसान होत नाही. हिनं पावसाळ्यात पोरांना सागाचं कोवळं पान तळहातावर चोळायला सांगितलं. हात लालभडक होतो. पोरांनी आधी हात लाल केले, मग एकमेकांचे गाल केले, मग पांढरे गणवेश. शाळेच्या बाईंनी मला जे सुनावलं ते मी रेल्वेतही कोणाकडून ऐकून घेतलं नव्हतं. पण त्या पोरांपैकी एकही आता साग विसरायचं नाही, आणि हे मी तिला सांगितलं नाही. आधीच कमी बोलत होती का?

पाऊस सरत आला तसं तिचं वर्ष पुरं व्हायला आलं. दसऱ्यानंतरचा रविवार तिचा. भिवापूरला ही बातमी कधीच पोचली होती. घरच्यांना वाटायचं पोरगी नागपुरात झाडाखाली बसून असते. आता ती लोकांना घेऊन जंगलात फिरणार, तेही एकटी, म्हटल्यावर बाबारावांनी एक टेम्पो ठरवला. शेजारपाजार, आत्या, मामा, सगळे फेरीला येणार होते. "मी कुठी तं टिकली, हे बाबाले एकदा दिसू द्या," असं ती मला म्हणाली, आणि त्या वेळी मस्करी करत नव्हती.

आता तिच्या तोंडानंच घात कसा केला ते सांगतो.

आमच्या केंद्रात रोज फिरायला येणाऱ्यांत चंपतराव म्हणून एक गृहस्थ आहेत. हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी झाली, आवाज अजून मशीनच्या वर चढवल्यासारखा. गोपिकेचे ते पट्टशिष्य. तिनं सांगितलेलं सगळं पाठ करायचे आणि फिरणाऱ्या मंडळींना ऐकवायचे. एके दिवशी तिनं त्यांना दोन पानं दाखवली. एक कांचनचं: मोठं, पातळ, मऊ. एक आपट्याचं, खाली गळून पडलेलं: लहान, जाड, खरबरीत, लांबीपेक्षा रुंद. दसऱ्याला सोनं म्हणून देतात ते हे दुसरं. पण चंपतरावांच्या कॉलनीत लोक जे झाड ओरबाडतात ते कांचन आहे, हे तिनं त्यांना पटवून दिलं.

चंपतराव बाकावर बसले. "म्हणजे लग्नापासून मी अंजनाले नकली सोनं देऊन राहिलो?"

"मग काय तं," गोपिका म्हणाली.

तिनं तिथंच थांबायला हवं होतं. पण थांबणं तिच्या रक्तात नाही. अस्सल आपटा कसा ओळखायचा हे तिनं त्यांना शिकवलं, आणि तळ्याकाठचा तो वाकडा आपटाही कौतुकानं दाखवला. चंपतरावांनी ते फिरणाऱ्या मंडळींना सांगितलं. मंडळींनी घरी सांगितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तर्री-पोहे खायला टपरीवर उभा होतो, तर पोहेवाला मला म्हणाला की ह्या वर्षी सोनं विकत घेऊ नका साहेब, हिंगणा रोडच्या जंगलात असली आपटा आहे म्हणते, पुरी कॉलनी जाऊन राहिली उद्या.

पोह्यांची प्लेट मी तशीच टपरीवर ठेवली. मी तसाच केंद्रात आलो आणि गोपिकेला इतका बोललो की तळ्यावरचे बगळे उठले. माझा पहिला नियम मीच मोडला. आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच, मी तिला सांगितलं. ते वाकडं झाड कोणाला दिसत नव्हतं तोपर्यंत सुखी होतं. तू त्याला प्रसिद्ध केलंस.

ती काहीच बोलली नाही. वर्षभरात पहिल्यांदाच. मग मलाच कसंतरी झालं, आणि मी उपाय सुचवायला लागलो. फाटक बंद ठेवता येत नव्हतं, सुट्टीच्या दिवशी केंद्र उघडं असतंच. तारेचं कुंपण घालू का? ती म्हणाली, कुंपण पाहिलं की लोकांना खात्रीच पटेल. पोलीस? झाडाच्या पानांसाठी पोलीस आले तर ते स्वतःसाठीही चार पानं घेऊन जातील. शेवटी ती म्हणाली की सकाळी मी येते, आणि निघून गेली.

दसऱ्याला सकाळी मी पोचलो तेव्हा ती झाडाला पाठ लावून उभी होती. पायवाटेनं लोक येत होते. नवे कपडे, कपाळाला टिळे आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी. सगळ्यात पुढं चंपतराव, वरातीच्या पुढं चालावं तसे.

गोपिकेनं हात जोडले, सगळ्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या आणि विचारलं, हे पान घरी नेऊन कोणाला देणार? कोणी म्हणालं आईले, कोणी साहेबाले, कोणी व्याह्याले.

"अन् ते मानतीन?" ती म्हणाली. "तुम्ही म्हणान हे असली हाय. व्याही म्हणन, दरवर्षी असंच म्हणता. घरी नेलं की कांचन काय अन् आपटा काय, साक्षीले कोण हाय? झाड तं इथंच राहिलं."

लोक विचारात पडले. नागपूरच्या माणसाला खोटं सोनं दिल्याचं दुःख होत नाही, पण खरं दिलं आणि समोरच्यानं मानलं नाही, हे त्याला सहन होत नाही. एकानं विचारलं, मग करायचं काय? ती म्हणाली की आपल्या माणसाला इथं बोलवा. पान झाडावरच राहू द्या, पानाला हात लावून सोनं द्या, झाडाच्या समोर द्या. मी आहे साक्षीला. मग कोणाची छाती आहे नकली म्हणायची?

"असं शास्त्रात हाय का?" मागून एक आजोबा म्हणाले.

"नाही आजोबा, माह्या डोक्यात हाय."

आजोबा हसले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. मग बाकीच्यांनीही काढले. पुढचा सगळा वेळ मी काय पाहिलं ते सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही. स्कूटरवर बसून आज्या आल्या. सुना आल्या, साहेब आले, एक व्याही खरोखरच आले आणि त्यांनी पान दोनदा उलटं करून तपासलं. माणसं फांदीवरच्या पानाला बोट लावून "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणत होती, पाया पडत होती, फोटो काढत होती आणि सरकत होती. झाडाजवळ गर्दी व्हायला लागली तशी मी शिटी काढली. एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, मधे थांबायचं नाही. रेल्वेनंतर इतका आनंद मला झाला नव्हता.

ऊन चढल्यावर लोक पांगले. मी फांदी न् फांदी तपासली. झाडाचं एकही पान तुटलं नव्हतं.

चंपतराव मात्र तिथंच होते. रिकामी पिशवी नीट घडी करून ते ती खिशात घालत होते. गोपिकेनं विचारलं, काका, काकूंना नाही आणलं? तेव्हा कळलं. अंजनाबाईंना लकवा होऊन बरेच महिने झाले होते. उजवं अंग गेलं होतं, त्या पलंगावरून उठत नव्हत्या. फिरायला येणाऱ्यांपैकी हे कोणालाच माहीत नव्हतं, इतकं बोलणाऱ्या ह्या माणसानं एवढंच कधी सांगितलं नव्हतं. चंपतरावांनी पान मागितलं नाही. "बरं केलं पोरी, झाड वाचलं," एवढं म्हणून ते निघाले.

गोपिकेनं माझ्याकडे पाहिलं. मी तळ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला दिसायलाच नको होतं.

पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलंच. ती दोन पावलं मागं गेली, खालच्या फांदीचं एक पान खुडलं, धावत जाऊन चंपतरावांच्या हातात ठेवलं आणि काहीतरी बोलली. परत आली ती सरळ माझ्यापुढं.

"काकाजी, एक पान तुटलं. मीच तोडलं."

मी तोंड तळ्याकडेच ठेवलं होतं. ती गप्प राहिली असती तर मीही गप्प राहिलो असतो, आणि रविवारी टेम्पो भरून आलेल्या भिवापुरानं टाळ्या वाजवल्या असत्या. पण तिनं सांगितलं, आणि एकदा सांगितल्यावर मला ते न ऐकल्यासारखं करता येईना. मी म्हटलं, आजपासून वर्ष पुन्हा सुरू. ती म्हणाली, बरं. मला स्वतःचा भयंकर राग आला. त्या दिवशी घरी जेवताना बायकोनं विचारलं, तोंड का असं? मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं.

रविवारी टेम्पो आलाच. तिनं घरी फोन करून फेरी आपण काढणार नाही म्हणून सांगितलं होतं, पण भिवापूरचे लोक एकदा ठरवलं की फिरत नाहीत. बायका, पोरं, डबे, पाण्याचे कॅन, सगळा बारदाना उतरला. सगळ्यात शेवटी बाबाराव उतरले. उंच, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं कमी. मुलगी कोणावर गेली असा प्रश्न मला पडला, आणि तिची आई टेम्पोतूनच सगळ्यांशी एकदम बोलत उतरली तेव्हा सुटला.

फेरी मी काढली. पोरं जांभया देत होती. गोपिका सगळ्यांच्या मागून येत होती, आणि बाबाराव दर थोड्या वेळानं मागं वळून तिच्याकडे पाहत होते. फिरणाऱ्यांतली काही मंडळीही सामील झाली होती, त्यांत चंपतराव होते. आपट्यापाशी आलो तेव्हा मला पुढं बोलवेना.

"हे झाड गोपिकेचं आहे," मी म्हटलं. "ह्याचं तीच सांगेल."

ती पुढं आली. फांदीला हात लावून उभी राहिली. सगळे वाट पाहत होते, आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"बोल नं वं," आई म्हणाली.

"इथलं एक पान मी तोडलं," गोपिका म्हणाली. "म्हणून आज काकाजी बोलून राहिले. माह्यं वर्ष पुन्हा पहिल्यापासून."

बाबारावांच्या कपाळाला आठी पडली. "एका पानासाठी? अन् तोडलं काहून?"

तिनं सांगितलं नाही. मागून चंपतराव पुढं आले. हा नियम त्यांना माहीतच नव्हता, मी तो गर्दीला सांगत फिरत नाही. त्यांचा चेहरा पाहून मला त्यांच्याकडे पाहवेना. तो मशीनवरचा आवाज इतका खाली आला होता की ऐकायला सगळे जवळ सरकले.

"माह्यासाठी तोडलं जी. घरवाली पलंगावर हाय, तिले येता येत नाही. मले जर माहीत असतं तं मी घेतलंच नसतं."

मग बाबारावांनी विचारलं, "वहिनीनं घेतलं का सोनं?"

"घेतलं. डाव्या हातानं घेतलं." चंपतरावांनी डोळे पुसले. "अन् म्हणे, आता लग्नापासूनचं सगळं नकली वापस घेऊन जा."

आधी गोपिकेची आई हसली, मग सगळेच. बाबाराव हसले नाहीत. त्यांनी झाडाकडे पाहिलं, खोडापासून वरपर्यंत, माल पारखतात तसं. मग ते मुलीकडे वळले.

"मंग पुढच्या दसऱ्यानंतर येतो आमी," ते म्हणाले. "टेम्पोवाल्याले आत्ताच सांगून ठेवतो."

गोपिका सगळ्यांसमोर रडली, आणि मीही चष्मा काढला. मग ओढणीनं नाक पुसून ती आपट्याबद्दल बोलायला लागली. मुंग्यांपासून सुरू केलं. पानं कधी मिटतात, शेंगा कशा वळतात, फुलं आली तेव्हा मी कसा खाली उभा होतो, सगळं. पोरांच्या जांभया बंद झाल्या, तळ्यावरचे बगळे केव्हाच उडून गेले, डबे उघडायची वेळ टळून गेली, तरी ती बोलतच होती आणि मी तिला थांबवलं नाही.